टिंबरच्या चिठ्ठीतली रिकामी ओळ

स्वातीचा फोन आला तेव्हा मी बसस्टॉपवर उभी होते. विमानतळावर हरवलेल्या सामानाच्या काउंटरवर मी काम करते. त्या दिवशी दहाची शिफ्ट होती आणि समोरून बस येतानाही दिसत होती. "विद्याताई, बाबा गेले," एवढंच ती म्हणाली. आणि मग श्वासही न घेता, "पहाटेच गेले... डॉक्टर येऊन गेले, आता फ्युनरलवाले आलेत, पण त्यांना खाली कसं आणायचं तेच कळत नाहीये हो." बसचं दार उघडलं, ड्रायव्हरने माझ्याकडे बघितलं, मी नुसती मान हलवली आणि मागे वळले. लिमयांचं घर आमच्यापासून तीन दारं पलीकडे. विलायतेतल्या या हाउन्सलोतली आमच्या रस्त्यावरची सगळी घरं एका साच्यातून काढलेली, एकाची भिंत दुसऱ्याला चिकटलेली. फरक एवढाच की लिमयांनी छपराखाली एक खोली काढून घेतली होती, जिला इथे लॉफ्ट म्हणतात, आणि लिमयेकाका त्या लॉफ्टमध्ये राहत होते. राहत होते म्हणजे... असो. तिकडेच यायचंय मला.

घरातला खालचा जिना बरा, रुंद; पण पहिल्या मजल्यावरून लॉफ्टला जाणाऱ्या जिन्याला जिना म्हणायचं म्हणून म्हणायचं, खरं तर ती शिडीच. चौदा पायऱ्या, जेमतेम एक माणूस मावेल एवढी रुंदी, आणि मध्यावर एक काटकोनी वळण. काळ्या सुटातले ते दोघं भले गृहस्थ एकदा खालून वर बघत होते, एकदा वरून खाली, आणि टेपने मापं घेत होते. "इट्स अ बिट टाइट, लव्ह," त्यांतला थोरला मला म्हणाला, जसं काही कपाट हलवायचं होतं. शेवटी काकांना पट्ट्यांनी नीट बांधलं आणि वळणापाशी जवळजवळ उभं करून खाली आणलं. अजित, त्यांचा मुलगा, खालच्या बाजूने हात देत उलटा उतरत होता आणि सारखा म्हणत होता, "सावकाश हां, बाबांना लागेल." तोवर स्वातीने फ्रंटरूममधला मोठा सोफा, कॉफी टेबल, काचेच्या वस्तूंचा स्टँड, सगळं एका भिंतीला सारलं, सतरंजी घातली, समई लावली. पाच मिनिटं लागली असतील, फार तर सहा. ती रिकामी झालेली फ्रंटरूम बघत मी दारात उभी होते, आणि रडू येण्याआधी मला राग आला. खूप राग आला. त्यांच्यावर नाही, माझ्यावर.

कारण काका अकरा महिने त्या चौदा पायऱ्या उतरले नव्हते. त्यांना खाली, त्याच फ्रंटरूममध्ये राहायला यायचं होतं. हे त्यांनी मला सांगितलं होतं, एकटीला, शपथ घालून. आणि जिचं तोंड विमानतळावरच्या मॅनेजरपुढेही बंद होत नाही ती मी अकरा महिने गप्प बसले.

यशवंत लिमये हे नाव वाचकांपैकी फारसं कुणाला माहीत असायचं कारण नाही. पुण्यात तीस-बत्तीस वर्षं ते एका शब्दकोशाच्या कचेरीत नोकरीला होते. संपादक वगैरे नव्हे, चिठ्ठ्या करणारे. शब्दागणिक एक चिठ्ठी: वर शब्द, त्याखाली अर्थ, अर्थाखाली उदाहरण आणि ते उदाहरण कुठून घेतलं त्याची नोंद. काकू गेल्या, आणि वर्षाच्या आत अजितने काकांना इकडे आणलं. एकुलता एक मुलगा, आयटीतला, गुणी. बाबा तिकडे एकटे, या विचाराने त्याला घास गोड लागत नव्हता. काका आले ते दोन बॅगा आणि एक बुटांचा रिकामा खोका घेऊन. खोका कशाला, म्हणून मी पहिल्याच भेटीत विचारलं, तर म्हणाले, "चिठ्ठ्यांना. अजून एकही नाहीये, पण होतील. माणूस निवृत्त होतो, सवय थोडीच होते?"

तेव्हा लॉफ्टचं काम चालू होतं आणि काका पहिल्या मजल्यावरच्या, जेमतेम एक पलंग मावेल अशा बॉक्सरूममध्ये राहत होते. अजित मोठ्या हौसेने सगळ्यांना सांगायचा, "बाबांसाठी वर बांधतोय." कोपऱ्यावरच्या लाकडाच्या वखारीतून तुळया, फळ्या यायच्या. काका रोज सकाळी फिरायला म्हणून निघायचे ते वखारीत जाऊन बसायचे. तिथे टेरी नावाचा एक साठीचा माणूस होता, पुढचे दोन दात नसलेला. काकांचं पुस्तकी इंग्रजी आणि टेरीचं बोबडं इंग्रजी यांचं कसं जमलं देव जाणे, पण जमलं. एक दिवस काका माझ्याकडे आले, तेही फोन न करता, म्हणजे काहीतरी मोठंच. हातात वखारीची पावती. "विद्या, पुण्यात असताना मी 'टिंबर'ची चिठ्ठी केली होती. 'इंग्रजी शब्द, इमारती लाकूड.' संपलं! एका ओळीत निकाल लावला मी त्या शब्दाचा. आपल्या टिंबर मार्केटच्या पलीकडे मला काही दिसलंच नाही. ही केवढी मोठी चूक झाली माहितीय?" मी म्हटलं, काका, आधी चहा घ्या.

पण चहा राहिला बाजूला. लायब्ररीत जाऊन ते थोरला इंग्रजी कोश उपसून आले होते. "अगं, आधी घर आहे! लाकूड नंतर," ते सांगत होते, आणि डोळे असे चमकत होते की काकू गेल्यानंतर या माणसाला प्रथमच काहीतरी सापडलंय हे आंधळ्यालाही दिसलं असतं. जुन्या इंग्रजीत टिंबर म्हणजे घर, इमारत. टिंबर करणं म्हणजे बांधणं, मग ते दगडाचं का असेना. पुढे बांधायच्या सामानाला टिंबर म्हणायला लागले, त्यापुढे नुसत्या लाकडाला, आणि शेवटी शेवटी रानातल्या उभ्या झाडालासुद्धा. "म्हणजे बघ, झाड अजून रानात वाऱ्यावर डोलतंय, आणि या लोकांना त्यात घर दिसतंय. आपण समजतो लाकडाचं घर होतं. या शब्दात घराचं लाकूड झालंय!" त्याच शब्दाच्या डच भावंडातून तिकडे सुताराला नाव मिळालंय. आणि जर्मनांकडे? तिथे तो शब्द 'त्सिमर' झाला आणि त्याचा अर्थ आटत आटत राहिला फक्त खोली. "अख्ख्या घराची एक खोली," काका म्हणाले. आणि मग हसत, "माझंही जर्मनच झालं की गं. चार खोल्यांतून निघालो आणि बॉक्सरूममध्ये आलो." मीही हसले. तेव्हा हसण्यासारखंच होतं ते.

त्यानंतर त्यांनी एकच शब्द धरला आणि सोडला नाही. माझी दर बुधवारी सुट्टी. बुधवारी दुपारी आम्ही बसायचो. चिठ्ठ्यांसाठी स्वातीच्या सिरीअलच्या खोक्यांचे पुठ्ठे कापायचे. काकांनी त्यात स्वतःची एक चैन केली होती. टिंबरच्या प्रत्येक अर्थाखाली एक मराठी वाक्य लिहायचं, आणि तेही या घरात कुणाच्या तरी तोंडून आलेलं. "छापील उदाहरणं गेली तीस वर्षं केली. आता ऐकलेली," म्हणायचे. नियम मात्र कचेरीतलाच, कडक. उदाहरण आपलं आपण रचायचं नाही. दुसऱ्याला सांगून वदवून घ्यायचं नाही. जसं आलं तसं लिहायचं, दुरुस्त करायचं नाही. आणि एका उदाहरणावर अर्थ पक्का धरायचा नाही, निदान तीन हवीत. 'बांधणे' या अर्थाखाली अजितचं वाक्य बसलं: बाबांसाठी वर बांधतोय. 'लाकूड'खाली स्वातीचं: अजून लाकडाचा वास जात नाहीये हो. 'घर'खाली सात वर्षांच्या सईचं, त्यांच्या नातीचं: "आजोबा, हा घर कोणाचा आहे?" मी म्हटलं, अहो, निदान 'हे घर कोणाचं' असं तरी लिहा. तर चष्म्यावरून माझ्याकडे बघून म्हणाले, "ती जे बोलली ते पुरावा आहे. मी जे लिहीन ती लबाडी."

एक अर्थ मात्र रिकामा राहिला. खोली. कारण त्या घरात सगळं होतं, खोली नव्हती. बॉक्सरूम होती, बेडरूम होती, फ्रंटरूम होती, लॉफ्ट होता. सगळे दिवसभर मराठी बोलायचे आणि 'खोली' कुणी म्हणायचंच नाही. मी तरी कुठे म्हणत होते! एकदा मी मुद्दाम म्हटलं, "काका, तुमची खोली छान आहे," तर म्हणाले, "हे धरणार नाही. तुला माहितीय मी वाट बघतोय ते." ती ओळ ते मोकळी ठेवून पुढे जायचे.

लॉफ्ट तयार झाला. खरंच सुंदर झाला, खोटं कशाला बोलू. नवीन लाकूड, स्वतंत्र बाथरूम, छतात तिरकी खिडकी. घरातली सगळ्यात मोठी खोली. अजितने काकांना हाताला धरून वर नेलं आणि म्हणाला, "बाबा, ही तुमची लॉफ्टरूम." काकांनी भिंतीवरून, चौकटीवरून हात फिरवला. मुलाने बापासाठी बांधलेलं ते घर होतं, जुन्या इंग्रजीतलं म्हणा हवं तर. ते दीड वर्ष ऐटीत वर-खाली करत होते. मग तो जानेवारी आला, फुटपाथवर बर्फाचा पापुद्रा, वखारीत जाताना पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं.

हॉस्पिटलमधून सोडायच्या आदल्या दिवशी मी तिथे होते, अजित ऑफिसातून यायचा होता. एक तरुण थेरपिस्ट आली, हातात फॉर्म. तिने चालायला चार पायांची चौकट दिली. या देशात तिला झिमर म्हणतात, म्हणजे तोच तो जर्मन त्सिमर, हे कळल्यावर काका तशा दुखण्यातही हसले. म्हणाले, "आता खोली बरोबर घेऊनच हिंडायचं तर." मग तिने इंग्रजीत विचारलं, घरी जिना आहे का, तुमची झोपायची सोय सोयीची आहे का. काका ताठ बसले. "व्हेरी हॅपी. माय सन हॅज बिल्ट अ रूम फॉर मी." तिने फॉर्मवर खूण केली आणि गेली. ती पडद्याआड गेल्याबरोबर काकांनी माझं मनगट धरलं. "विद्या, त्या चौदा पायऱ्या मला आता जमायच्या नाहीत गं. एकदा चढलो की चढलो. ती पुढची खोली आहे ना, रस्त्याकडची... तिथे कॉट टाकली असती तर..."

"मग सांगा ना अजितला! जिन्याखाली टॉयलेट आहे, काही अडत नाही."

"कसं सांगू? त्याने माझ्यासाठी बांधलीय. मी खाली येतो म्हणालो तर त्याला वाटेल, बाबांना आवडली नाही. पाहुणे कुठे बसतील? स्वातीने किती हौसेने मांडलंय ते सगळं. त्याला सुचलं तर त्याने म्हणावं. मी नाही मागणार. आणि तूही बोलायचं नाहीस. माझी शपथ आहे तुला."

भीड भिकेची बहीण म्हणतात ती ही. आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं टिपणारा माणूस, स्वतःचं एक वाक्य त्याला बोलता येत नव्हतं. पण त्यांना नावं ठेवणारी मी कोण? मीही शपथेच्या आड लपलेच की. दुसऱ्याच्या घरात नाक खुपसू नये, उद्या स्वातीला वाटेल ही कोण शहाणी, मैत्री तुटेल... माझ्याकडे कारणांचा तोटा नव्हता. दुसऱ्या दिवशी अजित आणि त्याचा एक मित्र यांनी काकांना खुर्चीत बसवून, वळणापाशी तिरके करत वर नेलं. शेवटच्या पायरीवर काकांनी मागे वळून खाली बघितलं. ते बघणं मला अजून पुसून टाकता आलेलं नाही.

मग ते अकरा महिने. वर सगळं होतं: बाथरूम, टीव्ही, वेळेवर ताट, औषधाचा डबा. स्वातीने कधी हयगय केली नाही, हे मी शंभर वेळा सांगेन. काकांनी काठी जमिनीवर दोनदा ठोकली की ती हातातलं काम टाकून वर जायची. पण खिडकी छतातली. तिच्यातून रस्ता दिसत नाही, झाड दिसत नाही, माणूस दिसत नाही. आभाळ दिसतं आणि विमानं. आमचा भाग विमानतळाच्या तोंडाशी, दर दोन मिनिटांनी एक विमान चाकं बाहेर काढून डोक्यावरून जातं. काका म्हणायचे, "विद्या, इथून फक्त उतरणारी दिसतात गं. जाणारी दिसत नाहीत. वारा पूर्वेचा असला तरच. आज वारा कुठला आहे?" मी येतायेता वारा बघून यायला लागले. पूर्वेचा वारा असला की मला बरं वाटायचं. केवढी मोठी मदत करत होते मी त्यांना!

एकदा प्रयत्न केला. नाही असं नाही. दिवाळीत त्यांच्याकडे जेवायला होतो, काकांचं ताट वर गेलेलं. मी चकलीचा तुकडा मोडत अगदी सहज म्हणून म्हटलं, "फ्रंटरूममध्ये ऊन किती छान येतं नाही? आजारी माणसाला बरं." अजित म्हणाला, "हो ना, पाहुण्यांना फार आवडते ती." स्वातीने माझ्या पानात आणखी एक चकली वाढली. आणि मी ती खाल्ली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो मार वर काका खात होते आणि खाली मी चकली.

काकूंच्या श्राद्धाच्या दिवशी मी वर गेले तर काका पलंगावर कागद पसरून बसले होते. म्हणाले, "टिंबरचं मूळ खणत खणत आपल्याच दारात आलो बघ. वेदात घराला 'दम' म्हणतात. त्या दमाचं आणि या टिंबरचं मूळ एक. दंपती हा शब्द रोज लग्नपत्रिकेत छापतो आपण. दम म्हणजे घर, दंपती म्हणजे घराचे धनी. दोघं." टेरीने पाठवलेला ओक लाकडाचा एक तुकडा ते कागदावर वजन म्हणून ठेवत, तो हातात घेऊन फिरवत राहिले. "ती होती तोवर मी घराचा धनी होतो. तिला एका शब्दात सगळं सांगता यायचं. ती अजितला म्हणाली असती, 'अरे, बाबांना खाली आण.' संपलं असतं... मला नाही गं येत." मग डोळे पुसून म्हणाले, "बरं, ती मोकळी ओळ अजून मोकळीच आहे. कुणी काही म्हणालं?" मी नाही म्हटलं. त्या दिवशी जिना उतरताना मी वळणापाशी बसले आणि पदर तोंडात कोंबून रडले. खाली जाऊन स्वातीला म्हटलं, सर्दी झालीय.

हे झालं काका जाईपर्यंतचं. तेराव्याच्या दिवशी अजितने तो बुटांचा खोका माझ्या हातात दिला. "ताई, हे तुम्हीच ठेवा, तुम्हालाच कळतं ते." आणि मग, दुसरीकडे बघत, "बाबा तुमच्याशी बोलायचे. कधी काही म्हणाले का? काही हवं होतं... काही राहिलं त्यांचं?" आता तरी बोलायचं की नाही मी? शपथ घालणारा गेला, शपथ संपली. पण त्याचा तो चेहरा बघून मी म्हटलं, "नाही रे. सुखात होते ते." एक खोटं वाक्य. माझ्या तोंडून आलेलं, जसंच्या तसं.

तीन आठवड्यांनी शनिवारी सकाळी मी त्यांचे डबे परत द्यायला गेले. दार उघडंच होतं, जिन्यात रंगाचा वास, म्हणून पहिल्या मजल्यावर गेले. अजित लॉफ्टच्या जिन्याच्या वळणापाशी उभा राहून भिंतीला पांढरा रंग मारत होता. मला बघून खुलला. "या ताई! जूनमध्ये स्वातीच्या आई येतायत नागपूरहून, सहा महिने. त्यांना बाबांचीच रूम देतोय. घरातली सगळ्यात मोठी."

"त्यांच्या गुडघ्यांचं काय रे?"

"ऑपरेशन झालंय ना. म्हणून तर. आरामात राहतील वर, खाली यायची गरजच नाही."

माझ्या हातातले डबे मी तिथेच पायरीवर ठेवले. "अजित, ब्रश खाली ठेव," मी म्हटलं. आणि सांगितलं. हॉस्पिटलमधलं, शपथेचं, उतरणाऱ्या विमानांचं, चकलीचं, तेराव्याला मी बोललेल्या खोट्याचं. एकदा सुरू झाल्यावर मी थांबले नाही, माझा आवाजही चढला असणार, कारण स्वाती स्वयंपाकघरातून वर येऊन त्या जिन्याच्या तळाशी उभी राहिली. अजित पायरीवर खाली बसला. रंग त्याच्या पँटला लागत होता. मला वाटलं, आता हा म्हणेल, तुम्ही तेव्हा का नाही बोललात. म्हणाला असता तर बरं झालं असतं.

तो म्हणाला, "मला काय दिसत नव्हतं का ताई?" आणि हातातला ब्रश अखेर डब्यावर ठेवला. "रोज ऑफिसला जाताना वर जाऊन पाया पडायचो ना... रोज वाटायचं, आज म्हणतील. मी आपणहून खाली या म्हटलं असतं तर त्यांना वाटलं असतं, मुलाने रूम काढून घेतली, सोफ्याच्या जागी आणून टाकलं. म्हटलं, त्यांनी एकदा म्हणू दे. एका तासात आणतो खाली. फक्त एकदा म्हणू दे."

"आणि ते तू म्हणायची वाट बघत होते."

"मी या दोघांची," स्वाती खालून म्हणाली. एवढंच. तिने मान वळवली आणि भिंतीला टेकली.

अळीमिळी गुपचिळी. चार शहाणी, प्रेमाची माणसं, एका घरात, एका जिन्याच्या वर-खाली. कुणी कुणाचं वाईट चिंतलं नाही, प्रत्येकाने दुसऱ्याचं मन जपलं, आणि जपता जपता एक माणूस अकरा महिने आभाळाकडे बघत कोंडून राहिला. हे लिहू का, म्हणून मी नंतर अजितला विचारलं. मला वाटलं होतं नको म्हणेल. तो म्हणाला, "लिहा ताई. नावानिशी लिहा. या देशात वरच्या मजल्यांवर असे बरेच बाबा बसलेले असतील. तिकडेही असतील."

परवाच्या रविवारी मी पुन्हा गेले. बुटांचा खोका बरोबर होता. काकांच्या चिठ्ठ्या सईला दाखवायच्या होत्या, तिच्या 'हा घर'चा पुरावा तिने बघायला हवा. फ्रंटरूममधला सोफा गेला होता. खिडकीशी कॉट होती, तिच्यावर ऊन पडलं होतं, आणि कॉटजवळच्या स्टुलावर टेरीचा ओकचा तुकडा. मी तिथेच टेकले. मोकळ्या ओळीबद्दल मी त्या घरात कुणालाही सांगितलेलं नाही, हे इथे मुद्दाम नोंदवते. स्वाती पॅसेजमध्ये कॉलिंग कार्डावरून नागपूरला बोलत होती, नेहमीच्या त्या परदेशी फोनच्या मोठ्या आवाजात. औषधं, तिकीट, स्वेटर, आणि मधेच, "अगं आई, तुझी खोली खाली केलीय! एकही पायरी नाही."

मी खोका उघडला. टिंबरची चिठ्ठी वरच होती. घर, बांधणे, लाकूड, आणि चौथा अर्थ खोली, त्याखाली काकांनी पट्टीने आखलेल्या तीन ओळी. पर्समधून पेन काढलं आणि पहिल्या ओळीवर जसं आलं तसं लिहिलं: 'अगं आई, तुझी खोली खाली केलीय. एकही पायरी नाही.' त्यापुढे, काका लिहीत तसं, स्वाती लिमये, हाउन्सलो. माझं अक्षर वाकडं आलं. एका उदाहरणावर अर्थ पक्का होत नाही, तीन लागतात. खालच्या दोन ओळी मी मोकळ्याच ठेवल्या आहेत.